शेजाऱ्याची म्हैस

शिवाजी पेठ, कोल्हापूर
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय अण्णा,

जय जिनेंद्र. तू बरा असशील, वहिनी बरी असेल, बेंगळुरात गार वारं सुटलं असेल, असं सगळं धरून चालते आणि पुढं जाते. इकडं अव्वा ठीक आहे. आप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन येत्या शुक्रवारी सकाळी ठरलंय, हे मी तुला मोबाईलवर कळवलं होतं. त्यावर तू नुसता अंगठा पाठवलास. वडिलांच्या ऑपरेशनला अंगठा! तो मी अव्वाला दाखवला नाही, आईचं काळीज आहे ते. "अण्णानं चौकशी केली," एवढंच म्हटलं. "येतो म्हणाला का?" तिनं विचारलं. "कामात आहे गं," मी म्हटलं. अव्वानं आप्पा घरी येईपर्यंत गूळ सोडलाय. दवाखान्यातही नेमाप्रमाणे दिवस मावळायच्या आत डबा उघडून बसते, आणि नर्सबाई रोज विचारतात की आजींना इतक्या लवकर भूक कशी लागते.

तू येणार का, हे विचारायला मी लिहीत नाही. त्याचं उत्तर तू मागंच देऊन ठेवलंयस. मला माझ्या कामाबद्दल लिहायचंय. पत्र कागदावर का, ते पुढं येईल. पेन धरायची सवय गेलीय, त्यामुळं अक्षर कोंबडीचे पाय झालंय. नावं ठेवायची असतील तर इथं येऊन ठेव.

तुला ठाऊकच आहे, मी एका दूध संघासाठी जनावरांच्या दुखण्यावर सल्ला देणारी यंत्रणा बांधतेय. शेतकऱ्यानं साध्या फोनवरून नंबर लावायचा, म्हशीला काय होतंय ते आपल्या बोलीत सांगायचं, आणि पलीकडून कृत्रिम बुद्धिमत्ता त्याला समजेल असं उत्तर देते. आम्ही तिला एक भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं. ते कुणाच्याच तोंडात बसलं नाही. लोक तिला मावशी म्हणायला लागले, आणि आता आमच्या ऑफिसातही ती मावशीच आहे.

पहिली मावशी बोलायला फार गोड होती आणि तितकीच थापाडी. आमच्याबरोबर निशिगंधा म्हणून जनावरांची डॉक्टर आहे, कसबा बावड्याची, कुणाला भीक घालत नाही. तिनं एकदा फोन लावून मावशीला सांगितलं, "आमची म्हैस यंदा अंडी घालंना झालीया." मावशी म्हणाली, "काळजी करू नका. खुराकात कॅल्शियम वाढवा, आठवड्यात फरक दिसेल." आम्ही सगळे पोट धरून हसलो. निशिगंधा हसली नाही. "उद्या विषबाधा झालेल्या म्हशीला हिनं असंच काहीतरी ठोकून दिलं, तर तुम्ही हसणार काय?" असं विचारून ती उठून गेली.

चूक शोधायला बसलो तर ती आमच्यातच निघाली. मावशीला शिकवायला आम्ही नमुन्याची उत्तरं याच जिल्ह्यातल्या माणसांकडून बोलून घेतली होती. आता तूच सांग, आपल्याकडं पावण्यानं रस्ता विचारला तर "ठाऊक न्हाय" असं कोण म्हणतं? ठाऊक नसलं तरी आपण त्याच्या गाडीत बसतो आणि भलत्याच चौकात नेऊन सोडतो. त्या एवढ्या ढीगभर उत्तरांत "मला माहीत नाही" हे वाक्य एकदाही नव्हतं. मावशी आपल्यासारखीच अगत्याची झाली होती.

मग तिला नाही म्हणायला शिकवणं सुरू झालं. वाटलं होतं तितकं ते सोपं नव्हतं. राजवीर नावाचा माझा सहकारी आहे, पेठेतल्या फुटबॉल संघाचा असा कट्टर, की मॅच हरली की दोन दिवस कुणाशी बोलत नाही. त्यानं कट्ट्यावरची सगळी फौज ऑफिसात आणून बसवली. काम एकच, मावशीला खोटं बोलायला लावायचं. त्यांच्यासारखी माणसं या कामाला मिळणं हे आमचं नशीब. "काय गं मावशे, एवढं बी येत न्हाय व्हय? मग तिथं बसलीयास कशाला?" असा दम भरला की मावशी लाजायची आणि काहीतरी बनवून द्यायची. पुन्हा शिकवायचं, पुन्हा फौज बोलवायची. कितीतरी आठवडे हेच चाललं होतं.

आणि एके दिवशी, अशाच आरडाओरड्यात, ती शांतपणे म्हणाली, "होय, एवढं मला येत नाही. अंदाजानं सांगितलं तर तुमची म्हैस जाईल. डॉक्टरांचा नंबर देते, लिहून घ्या."

राजवीरनं गोल झाल्यावर मारतात तशी शिट्टी मारली. अण्णा, बोलणारी यंत्रं आता गल्लोगल्ली आहेत, त्यांचं कुणाला नवल राहिलेलं नाही. पण दहा माणसं तोंडावर ओरडत असताना आपल्याला जे येत नाही ते येत नाही म्हणून ठाम उभं राहणं, हे माणसांत तरी कितीजणांना जमतं? आपल्या घरात कुणाला जमलंय?

बघ, लिहायचं नव्हतं तिथंच आले. आलेच आहे तर बोलते.

तू गावच्या डेअरीत दुधातलं फॅट मोजायचं मशीन आणलंस. भल्याभल्यांच्या म्हशींचं फॅट कमी दाखवायला लागलं, दुधाचा दर पडला, आणि सभेत लोक खवळले तेव्हा तू उभा राहून म्हणालास, "मशीन कधी चुकत नाही." आप्पा चेअरमन. ते सगळ्या गावासमोर म्हणाले, "मशीन खोटं, आन ते आणणारं माझं पोरगं बी खोटारडं." तू त्याच संध्याकाळी गडहिंग्लजला जाऊन एसटीत बसलास. पुढं कंपनीचा माणूस आला आणि मशीन गाईच्या दुधावर लावलेलं आहे, म्हशीच्या नाही, हे त्यानं दोन मिनिटांत दाखवलं. म्हणजे मशीन चुकलं होतं. तू मात्र खोटं बोलला नव्हतास. हे मी तुला कळवलं, तेव्हा तू म्हणालास, "हे आप्पांनी स्वतःच्या तोंडानं म्हणू दे, मग येतो." आप्पांनी कधी विषय काढला नाही आणि तू कधी आला नाहीस. मी दोघांच्या मधे लोंबकळत राहिले.

परत कामावर येते. मावशीची चाचणी गावोगाव सुरू झाली तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. जो फोन करी त्याची म्हैस ठणठणीत, आजारी असे ती शेजाऱ्याची. "शेजाऱ्याच्या म्हशीला ताप हाय." "शेजाऱ्याची म्हैस दूध चोरतीया." आम्ही नकाशावर पाहायला गेलो तर जिल्ह्यातले सगळे शेजारी संकटात! ऑफिसातली पुण्याची मुलं चक्रावली. निशिगंधा आणि मी एकमेकींकडं बघून हसलो. आपल्या गोठ्यातलं दुखणं आपल्या तोंडानं सांगायचं नाही, दृष्ट लागते, हे अव्वानं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. आपली रत्ना म्हैस आटली होती तेव्हा आप्पा डॉक्टरांना काय म्हणाले होते, आठवतं? "शेजाऱ्याची हाय, सहज विचारतोय."

मी ठरवलं, मावशीनं कुणाला उघडं पाडायचं नाही. शेजाऱ्याची म्हणाले तर शेजाऱ्याची. आणखी एक नियम मी केला आणि त्यासाठी वरच्या साहेबांशी भांडले. कुणाचंही बोलणं त्याच्या परवानगीशिवाय आमच्यापैकी कुणी ऐकायचं नाही. जीवावरचा प्रसंग असेल तर ड्यूटीवरच्या डॉक्टरनं कामापुरतं ऐकायचं, आणि तिथंच थांबायचं. आवाज ऑफिसबाहेर तर जायचाच नाही. लोक आपल्या घरातलं बोलतात, त्यांना आपल्यावर भरवसा ठेवायला सांगायचं तर आधी आपण ठेवण्यासारखं वागायला नको का?

तर मागच्या बुधवारी दुपारी निशिगंधाचा फोन आला. "ऐशू, जेवण राहू दे, गडहिंग्लजच्या सरकारी दवाखान्यात जा. तुझे आप्पा ॲम्ब्युलन्समध्ये आहेत."

त्या दिवशी ड्यूटीवर तीच होती. काय झालं होतं ते तिनं मला वाटेत फोनवर सांगितलं. अव्वा बस्तीत, देवदर्शनाला गेली होती. आप्पा गोठ्यात एकटे. छातीत कळ आली. त्यांनी ना अव्वाला हाक मारली, ना मला फोन केला. त्यांनी मावशीला फोन लावला. आणि म्हणाले, "शेजाऱ्याची म्हैस हाय. सकाळपास्नं चारा न्हाय. धाप लागलीया, घाम फुटलाय. डाव्या खांद्यातनं कळ येतीया म्हणती."

मावशी म्हणाली, "एक बोलते, राग मानू नका. कळ कुठून येते ते म्हैस सांगत नाही. हे दुखणं माणसाचं वाटतं. माणसाच्या दुखण्यातलं मला काही येत नाही, आणि इथं अंदाज करणं धोक्याचं आहे. मी आत्ता १०८ ला जोडून देते."

आप्पा चिडले. "शेजाऱ्याची हाय म्हणलं न्हवं तुला!"

आणि मावशी म्हणाली, "बरं. मग शेजाऱ्यासाठीच गाडी बोलावते. त्यांना खाली बसवा, चालू देऊ नका. गाडी येईपर्यंत मी फोनवर आहे."

अण्णा, हे वाक्य तिला आम्ही शिकवलेलं नव्हतं. मी नंतर सगळं उलथंपालथं करून पाहिलं, कुठंही नाही. नाही म्हणायचं आम्ही शिकवलं होतं, उघडं पाडू नकोस हे शिकवलं होतं, धोका दिसला तर माणसाकडं सोपव हे शिकवलं होतं. या तिन्हींची गाठ तिनं त्या गोठ्यात आप्पांसाठी कशी मारली, हे मी, तिची बांधणारी, तुला सांगू शकत नाही. त्यांचा मान ठेवला आणि जीवही सोडला नाही. आपण दोघं त्यांची पोटची पोरं, आपल्याला हे इतक्या वर्षांत साधलं नाही. गडहिंग्लजहून त्यांना कोल्हापूरला हलवताना मी ॲम्ब्युलन्समध्ये मागं बसले होते, आप्पांचा पाय हातात धरला होता, आणि भीतीपेक्षा नवलच जास्त वाटत होतं. असं कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुला सांगते.

पण मी तुझी बहीण आहे, नुसती थक्क होऊन बसणारी नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तसाच कॉल पुनःपुन्हा लावून पाहिला, कधी राजवीरच्या आवाजात, कधी शब्द फिरवून, कधी मधे गाईचं नाव घालून. मावशी बहुतेक वेळा सावध झाली. एकदा मात्र तिनं सांगितलं, "म्हशीला गुळाचं पाणी द्या आणि सावलीत बांधा." मी खुर्चीवरून उठले आणि जिन्यात जाऊन बसले. आप्पांचा फोन त्या वेळी लागला असता तर? त्या दुपारी तिला सुचलं म्हणून आपले आप्पा आहेत. पुढच्या माणसाचा जीव तिच्या सुचण्यावर ठेवता येत नाही. आता तिच्या हुशारीच्या बाहेर एक वेगळा पहारा बसवलाय. छाती, धाप, कळ असं काही कानावर आलं की मावशीनं बोलायचं नाही, फोन थेट माणसाकडं जातो. हे झाल्याशिवाय एकही नवं गाव घेणार नाही असं मी लिहून दिलं, आणि ते मान्य झालं. तू सभेत जे म्हणालास ना, ते मी माझ्या मशीनबद्दल कधीच म्हणणार नाही. हा टोमणा नाही. तुझ्याकडूनच शिकले.

आता खरं लिहायचं ते. इतका वेळ त्याच्याभोवती फिरतेय हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

गाडी येईपर्यंत आप्पा मावशीशी बोलत होते. निशिगंधा मला म्हणाली, "दुखण्यापुरतं मी ऐकलं. पुढं ते वेगळंच बोलायला लागले, तेव्हा मी बंद केलं. थोरल्या पोराचा विषय होता, एवढंच सांगते. हवं असेल तर आप्पांना विचार." मी म्हटलं, अगं, माझेच वडील आहेत. ती म्हणाली, "नियम तूच केलायस." मला तिचा इतका राग आला! ज्या शब्दांसाठी तू इतकी वर्षं अडून बसलायस, तेच शब्द कदाचित त्यात आहेत, माझ्याच ऑफिसात आहेत, आणि मला ऐकता येत नाहीत. रात्री एकटीनं जाऊन ऐकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. गेले नाही. आप्पांनी कुणाच्या भरवशावर तोंड उघडलं होतं, ते मला ठाऊक होतं.

शनिवारी त्यांना जरा बरं वाटत होतं. मी विचारलं, "आप्पा, तुमचा तो फोन मी ऐकू का?"

"माझा कुठला? शेजाऱ्याचा हुता त्यो."

"मग शेजाऱ्याला विचारून सांगा."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, संपलं. रविवारी सकाळी मी त्यांची दाढी करत होते. एका गालाला साबण तसाच होता, तेवढ्यात डोळे न उघडता म्हणाले, "शेजारी म्हणतोय, ऐकू दे पोरीला." मी वस्तरा बाजूला ठेवला. ते म्हणाले, "आन थोरल्याला बी लिही म्हणतोय. मला फोनवर जमायचं न्हाय."

आवाज बाहेर पाठवता येत नाही, आणि आप्पांनी 'लिही' म्हटलं, म्हणून हा कागद. मी एकदाच ऐकलं. जसं होतं तसं लिहिते, एक शब्द माझा नाही.

आप्पा म्हणाले, "मावशे, ऐकतीयास न्हवं? शेजाऱ्याचं एक पोरगं हाय. थोरलं. बेंगळूरला असतंय. शेजारी त्येला भर सभेत खोटारडा म्हणला. मशीन चुकलं हुतं, पोरगं खोटं न्हवतं. शेजाऱ्यानं दोन्ही एकच केलं. चेअरमन हुता, गावाम्होरं मान खाली घालाय नको म्हणून पोराला खाली घातलं. कळलं हुतं त्येला, तवाच कळलं हुतं. बोलाय जमलं न्हाय."

मावशी म्हणाली, "मी ऐकतेय. सावकाश बोला, दम लागू देऊ नका."

मग बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येतो. म्हशीच्या साखळीचा आवाज येतो. आणि मग आप्पा म्हणतात, "शेजारी बिजारी कोण न्हाय बाई. पोरगं माझंच हाय. अनेकांत नाव त्येचं. त्यो येईल का गं?"

आणि ही आमची मावशी, अण्णा. एका मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्याला "येईल हो" म्हणायला तिचं काय जात होतं? मी म्हटलं असतं. अव्वानं म्हटलं असतं. ती म्हणाली, "ते मला माहीत नाही. माझ्याकडं त्याचं उत्तर नाही. पण तुम्ही जे म्हणालात ते त्याला कळायला हवं. गाडी वळणावर आलीय, बसून राहा."

मी कानावरचं काढून ठेवलं आणि राजवीरसमोर, सगळ्यांसमोर, हमसाहमशी रडले. राजवीरनं पाणी आणून ठेवलं.

तू म्हणशील, हे ते मशीनला म्हणाले, मला नाही. आधी मीही तेच मनात म्हटलं. पण जिथं खोटा दिलासा मिळणार नाही अशाच कुणापुढं त्यांना ते म्हणता आलं, आणि नंतर पूर्ण शुद्धीत, अर्ध्या गालाला साबण असताना, तुला लिही म्हणाले तेही तेच. तुझी अट पुरी झाली की नाही ते तू ठरव. डॉक्टर म्हणतात, वय आणि शुगर बघता ऑपरेशन जोखमीचं आहे. टक्के त्यांनी सांगितले, ते मी इथं लिहीत नाही.

आप्पांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मावशीला येत नाही, मलाही येत नाही. ते फक्त तुलाच येतं, आणि शुक्रवारच्या आत ते त्यांना मिळायला हवं. कुरियरवाला उद्या दुपारपर्यंत पत्र पोचेल म्हणालाय. कुठल्या गाडीनं निघतोस ते कळवलं नाहीस तरी चालेल. गुरुवारी बेंगळुराहून येणारी शेवटची गाडी रिकामी होईपर्यंत मी स्टँडवर उभी असेन.

तुझी वाट बघणारी,
ऐशू